सशिणीचा रुमाल

डोंगराच्या उतारावर एक दाट जंगल होते. ते जंगल संपून जिथे उंच गवत सुरू होते तिथे, जमिनीतल्या एका उथळ खळग्यात, एक सशीण आपली तीन पिल्ले वाढवत होती. मुलांनो, ही गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ज्यांना गोड गोष्ट हवी असेल त्यांनी खुशाल पान उलटावे. बाकीच्यांनी नीट बसून वाचावी, कारण ती फार लांबही नाही.

रानातल्या सशाला बीळ नसते. त्याची पिल्ले उघड्या आभाळाखाली, गवताच्या आडोशाला वाढतात. त्यांना पळता येत नाही, ओरडायला आवाज नसतो आणि चावायचे म्हणाल तर तो विचारच सोडा. त्यांच्याकडे बचावाची एकच गोष्ट असते. त्यांच्या अंगाला वास येत नाही. कोल्हा अगदी जवळून गेला तरी त्याला त्यांचा पत्ता लागत नाही. म्हणूनच सशीण दिवसभर पिल्लांना कुशीत घेऊन बसत नाही. ती संध्याकाळी येते, त्यांना दूध पाजते आणि मन घट्ट करून दूर निघून जाते. आपला वास त्यांच्याभोवती रेंगाळू नये एवढीच तिची काळजी असते. या सशिणीची आधीची पिल्ले जगली नव्हती. त्यामुळे या तिघांसाठी ती डोळ्यांत तेल घालून जगत होती.

तिला एक सवय होती आणि ती जंगलात सगळ्यांना ठाऊक होती. जेवायला बसली की ती गळ्याशी पळसाचे पान बांधायची. आता प्राण्यांना कपडे शिवावे लागत नाहीत हे खरे. पण अंगावरची लव हाच त्यांचा सदरा, आणि त्यावर फळाचा रस सांडला तर तोही आपल्या सदऱ्यासारखाच वास मारतो. आपल्याला निदान दुसरा सदरा घालता येतो. सशिणीला तिच्या आईने लहानपणीच शिकवले होते की पान बांधून जेवायचे, त्याच पानाने तोंड आणि मिशा पुसायच्या, आणि ते पान ओढ्याच्या वाहत्या पाण्यात सोडून मगच घराची वाट धरायची.

"नुसतं पुसून भागत नाही," आई म्हणाली होती. "जे पुसलंस ते घरापासून लांब गेलं पाहिजे. तुझ्या पिल्लांचा जीव त्यावर आहे."

सशीण हे अगदी मनापासून पाळत असे. माकडे तिला हसत. "आल्या बघा, पान बांधणाऱ्या," असे म्हणत ती फांद्यांवरून उंबराची फळे तिच्या अंगावर टाकत. सशीण शांतपणे खाई, तोंड पुसे, आणि ओढ्याकडे चालू लागे. हसण्याने तिची सवय कधी मोडली नाही. ती मोडली कौतुकाने.

झाले असे की गेल्या पावसाळ्यात एक साप सुगरणीच्या घरट्याकडे चढत होता. खाली चरत असलेल्या सशिणीने तो पाहिला आणि मागचे पाय जमिनीवर धाडधाड आपटले. आवाजाने सुगरणी जाग्या झाल्या, त्यांनी एकच कालवा केला आणि साप आल्या वाटेने परत गेला. अंडी वाचली. त्या उपकाराची आठवण ठेवून सुगरणीने सशिणीला एक रुमाल विणून दिला. गवताच्या बारीक काड्या, मध्ये शेवरीचा कापूस आणि कडेला निळ्या पिसांची किनार. असा रुमाल त्या जंगलात कोणी पाहिला नव्हता.

"पानं काय बांधतेस गं सारखी?" सुगरण म्हणाली. "हा बांधत जा. सणावाराला शोभेल."

सशिणीने तो करवंदीच्या जाळीत जपून ठेवला. सणवार काही लवकर आला नाही. उन्हाळा सरत आला तेव्हा म्हाताऱ्या अस्वलाकडे नातवाचे बारसे निघाले आणि साऱ्या जंगलाला जेवणाचे आमंत्रण गेले.

त्या जंगलात पंगतीचा एक नियम होता. पंगत बसल्यापासून उठेपर्यंत कोणी कोणाच्या वाटेला जायचे नाही. त्यामुळे बारशाला कोल्हाही येऊन बसला होता, तोही सशिणीपासून फार लांब नाही. सशिणीला त्याची भीती वाटत होती, पण नियम जुना होता आणि अस्वलासमोर तो मोडायची कोणाची छाती नव्हती. जेवायला मध होता आणि मोठमोठे बरके फणस फोडलेले होते. बरका फणस ज्यांनी खाल्ला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. गरा तोंडात घेतला की रस हनुवटीवरून खाली येतो, आणि त्याचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत सोडत नाही.

सशिणीने आपला नवा रुमाल गळ्याशी बांधला. समोर बसलेल्या मोराचा घास चोचीतच राहिला.

"वा, सशीणबाई," तो म्हणाला. "हा कुठून आणलात? आमच्या पिसाऱ्यालाही मागे टाकेल असा आहे."

पंगतीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. हरिणीने किनार जवळून पाहिली. जी माकडे एरवी फळे मारायची ती खाली उतरून "जरा हात लावून बघू का?" असे विचारू लागली. खुद्द अस्वलाने आपल्या सुनेला हाक मारून सांगितले, "बघ, जेवावं तर असं. आपल्याकडे सगळे छातीवर मध सांडून घेतात." सशिणीला आयुष्यात कोणी असे म्हटले नव्हते. ती हरखून गेली. तिने आणखी दोन गरे मागून घेतले, ते खरे तर भुकेसाठी नव्हते. प्रत्येक घासानंतर ती रुमालाच्या टोकाने ओठ टिपायची आणि आपल्याकडे कोण पाहते आहे ते हळूच बघायची.

कोल्हा इतका वेळ मान खाली घालून जेवत होता. त्याने एकदाच वर पाहिले.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही जेवल्यावर पान ओढ्यात सोडता म्हणे. हाही सोडणार का?"

"छे हो भावोजी," सशीण हसून म्हणाली. "हा कसा सोडणार?"

"तेही खरंच," कोल्हा म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला.

दिवस कलायच्या आत पंगत उठली. सशीण नेहमीप्रमाणे ओढ्यावर आली. तिच्या अंगावर खरोखरच एक थेंबही नव्हता. पांढरी छाती सकाळी होती तशीच होती. जे काही सांडले होते ते सगळे रुमालाने झेलले होते आणि त्याच्या मधोमध पिवळा, चिकट डाग पसरला होता. तिने गळ्यातून रुमाल सोडवला. पाण्यावर धरला. पाणी त्याला ओढू लागले तसा तिने तो मागे घेतला. धुवावा, तर काड्या सुटल्या असत्या आणि कापसाचा लगदा झाला असता. सोडून द्यावा, तर एवढे देखणे काही तिच्याकडे पुन्हा येणार नव्हते. आईचे बोलणे तिला आठवत नव्हते असे नाही. आठवत होते, पण आई पळसाच्या पानाबद्दल बोलली होती, असे तिने स्वतःला समजावले. मग तिने रुमालाची नीट घडी घातली. डाग आत आणि निळी किनार बाहेर. डाग दिसेनासा झाला आणि तिला बरे वाटले.

तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी सशीण, तिला कळले कसे नाही? मुलांनो, जिचे कधीच कौतुक होत नाही तिला ते एकदा मिळाले की ते हातातून सोडवत नाही. तिला दोष द्या, पण फार हसू नका.

ती घरी आली तेव्हा तिन्ही पिल्ले एकमेकांना चिकटून वाट पाहत होती. तिने त्यांना दूध पाजले. मग रुमालाची घडी उलगडली आणि तो त्यांच्या अंगावर पांघरला. खरे तर दिवस उकाड्याचे होते, पांघरुणाची काही गरज नव्हती. पण इतकी सुंदर वस्तू आपल्या पिल्लांच्या अंगावर पाहून तिचा ऊर भरून आला.

"आई, याला गोड वास येतोय," एक पिल्लू म्हणाले.

"झोपा आता," ती म्हणाली. "हलू नका." आणि रोजच्यासारखी ती दूर निघून गेली, आपला वास त्यांच्याभोवती राहू नये म्हणून.

उजाडायच्या सुमारास टिटवी ओरडली. गवतावरून गोल गोल फिरत ती ओरडतच राहिली. सशीण धावत सुटली. अर्ध्या वाटेवर समोरून कोल्हा येत होता. त्याला घाई नव्हती. तो बाजूला झाला आणि त्याने तिला वाट दिली.

"पंगत काल उठली, वहिनी," तो म्हणाला आणि आपल्या रस्त्याने निघून गेला.

खळग्यापाशी मुंग्यांची रांग लागली होती. रुमाल गवतात पडला होता, मधोमध फाटलेला, आणि मुंग्या त्याच्या पिवळ्या डागावर गोळा झाल्या होत्या. खळगा रिकामा होता. सशीण तिथेच बसली. तिला रडता येईना. थोड्या वेळाने बाजूच्या गवतात काहीतरी हलले. उकडत होते म्हणून एक पिल्लू अंधारात पांघरुणातून बाहेर पडले होते आणि सरपटत दूर जाऊन झोपले होते. आईने हलू नका म्हटलेले त्याने ऐकले नव्हते, म्हणून ते उरले होते.

तिने त्याला उचलले आणि गवताच्या पार दुसऱ्या टोकाला नेले. तिथे नवा खळगा उकरला. पण पिल्लाच्या पाठीला आणि कानांना फणसाचा रस लागलेला होता, आणि तो वास तिथेही येत होता. पुसायला तिने पळसाचे पान आणले. पानाने काही निघेना, रस वाळून लवीत घट्ट बसला होता. शेवटी ती त्याला चाटू लागली. उन्हे वर आली, डोक्यावर आली, तरी ती चाटत होती. रस अजून गोड होता. तिला तो गिळावा लागत होता.

"आई," पिल्लू म्हणाले, "ती दोघं कधी येणार?"

सशिणीने त्याचा दुसरा कान समोर घेतला. तो स्वच्छ झाल्याशिवाय तिला तिथून जाता येणार नव्हते, आणि ती तिथे जितका वेळ बसेल तितका तिचा स्वतःचा वास त्या जागेत मुरणार होता.

"येणार नाहीत," ती म्हणाली. "चुकलं माझं. तू आता बोलू नकोस."

संध्याकाळ व्हायच्या आत ती त्याला एकटे सोडून दूर निघून गेली. या वेळी ते तिच्यामागे थोडे सरपटत आले, आणि तिला मागे वळून पाहता आले नाही.

तात्पर्य : स्वच्छता चारचौघांत शोभून दिसावी म्हणून नसते, आपल्या माणसांच्या जिवाला अपाय होऊ नये म्हणून असते. अंगावर डाग पडू दिला नाही, पण घडीत लपवून तोच डाग घरी आणला, तर त्याची शिक्षा घरातल्या सर्वांत लहानांना होते.