हैबतीने फोडलेला सांडवा

डोंगराच्या पायथ्याशी, एका मोठ्या तलावाखाली वसलेल्या गावात एक तांबट राहत असे. त्याचे नाव हैबती. नाव असे धाक बसवणारे, पण माणूस भित्रा. समोरून कुत्रे भुंकत आले की तो गल्ली बदलायचा. दुकानात कुणी आवाज चढवला की हा आपला आवाज उतरवायचा. पण त्याने घडवलेले भांडे कधी गळले नाही आणि दिलेला शब्द कधी फिरला नाही. त्यामुळे लोक त्याला हसत, तरी त्याच्यावर विश्वास ठेवत.

त्या गावच्या नगरपालिकेत दोन गट होते. त्यांची भांडणे इतकी वाढली की गटारेसुद्धा साफ होईनात. शेवटी दोन्ही गटांनी मिळून हैबतीला नगराध्यक्ष केले. हा कुणालाच दुखावणार नाही, असे दोघांनाही वाटले.

जुन्या नगराध्यक्षांनी कारभार सोपवताना त्याला जवळ बसवून घेतले. रोजची कामे सभेच्या मताने करायची, हे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, की गावावर संकट आले तर मात्र नगराध्यक्ष कुणालाही न विचारता हुकूम काढू शकतो. तो घरे रिकामी करवू शकतो, भिंत पाडू शकतो, रस्ता बंद करू शकतो. त्यातून जे नुकसान होईल, त्याचा जाब मात्र त्याने एकट्याने द्यायचा.

 आपल्या काळात हा अधिकार वापरायची वेळ येऊ नये, अशी हैबतीने मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली.

तलावाचा बांध मातीचा होता, फार जुना. त्यावर गवत आणि बाभळी वाढल्या होत्या. बांधाच्या पायथ्याशी बारा महिने थोडे पाणी पाझरायचे. बायका तिथे धुणे धुवायच्या. पाझर नितळ आहे तोवर चिंता नाही, हे गावात पोराबाळांनाही माहीत होते. बांधाच्या एका टोकाला सांडवा होता, म्हणजे तलाव भरला की जास्तीचे पाणी जायची वाट. पूर्वी ते पाणी ओढ्याने खाली जाई. पुढे कधीतरी उन्हाळ्यासाठी पाणी साठावे म्हणून लोकांनी सांडव्यावर दगडी भिंत उभी केली. ओढा आटला. आटलेल्या ओढ्यात घरे उभी राहिली आणि त्या वस्तीला कासार आळी म्हणू लागले.

पावसाळ्यात बांधाची पाहणी करणे हे नगराध्यक्षाचे काम. आधीचे नगराध्यक्ष त्यासाठी शिपायाला पाठवत. हैबती स्वतः जाई. शिपाई घरी बसूनच सगळे ठीक आहे म्हणेल, अशी त्याला भीती वाटे.

त्या वर्षी भाद्रपदात पावसाने उघडीप दिलीच नाही. तलाव सांडव्याच्या भिंतीच्या काठाला लागला. रोज सकाळी हैबती डोक्यावर पोते घेऊन बांधावर जायचा, पाझर बघायचा आणि सुटकेचा श्वास टाकून परत यायचा.

एका सकाळी पाझर गढूळ दिसला.

हैबतीने ओंजळीत पाणी घेतले. पाणी बोटांतून गळून गेले आणि तळहातावर लोण्यासारखी मऊ माती उरली. तो गवतावर गुडघे टेकून बसला आणि त्याने बांधाला कान लावला. आत कुणीतरी घटाघटा पाणी पीत असल्यासारखा आवाज येत होता.

तो उठला आणि त्याने गावाकडे बघितले. वर पाणी, मध्ये माती, आणि खाली सगळे गाव. घराघरांतून चुलींचा धूर निघत होता. शाळेची घंटा वाजत होती. कुणालाच काही ठाऊक नव्हते.

त्याने तातडीने सभा बोलावली आणि सांडव्याची भिंत फोडून तलाव उतरवावा, असे सुचवले. उपाध्यक्ष त्रिंबकराव चौकुळे हे वकिली केलेले, शांत डोक्याचे गृहस्थ होते. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. पावसाने माती थोडी धुऊन येणारच, असे त्यांचे मत पडले. तरी जिल्ह्याच्या इंजिनिअरला निरोप पाठवावा, ते उद्यापर्यंत येतील, ते सांगतील तसे करावे. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघेजण बांध बघून आले. बांध होता तसाच उभा होता.

सभा उठल्यावर त्रिंबकरावांनी हैबतीच्या खांद्यावर हात ठेवला. "अध्यक्ष, सांडवा फोडलात तर कासार आळी नक्की जाईल. बांध फुटेल की नाही, हे कुणालाच माहीत नाही. हुकूम आपल्या नावावर कशाला घेता?"

त्रिंबकराव वाईट हेतूने बोलत नव्हते. हैबतीलाही ते पटण्यासारखे वाटले. तो एकटाच खुर्चीत बसून राहिला. सांडवा फोडला तर आळीतली घरे पडतील आणि ती आपल्या हुकमाने पडली असे लोक म्हणतील. काही न करता बांध फुटला, तर लोक देवाची इच्छा म्हणतील. आपल्याला कुणी बोल लावणार नाही. गप्प बसण्यात आपली सगळी सोय आहे, हे त्याच्या ध्यानात आले. आणि आपल्याला ही सोय दिसली, याचीच त्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती वाटली.

त्याने हुकूम लिहिला. खाली आपली एकट्याची सही केली.

गावात दवंडी फिरली. खालच्या वस्तीतले लोक देवीच्या टेकडीवर जाऊ लागले. कुणी पाळणा डोक्यावर घेतला, कुणी पिठाचा डबा. म्हातारे मागे वळून वळून बघत होते. बायका रडत होत्या आणि हैबतीला शिव्या देत होत्या. तो खाली मान घालून दारोदार फिरत होता आणि घरात कुणी राहिले नाही ना, ते बघत होता.

कासार आळीच्या शेवटी गजराआत्याचे घर होते. ती विधवा होती आणि बांगड्या भरून पोट भरत होती. गावातल्या एकूण एक मुलीला तिने लग्नाचा चुडा भरला होता. हैबतीच्या बायकोलाही तिनेच भरला होता. ती घरात बाजेवर बसून राहिली.

"हैबती, तुझं घर कुठं आहे?" तिने विचारले.

"वर. बाजारात."

"म्हणजे तिथं पाणी येणार नाही."

 "आत्या, उठा," तो म्हणाला.

"हे घर मी एकटीनं उभं केलंय. मी इथून उठणार नाही. तुला काय करायचं ते कर."

आळीतले लोक दाराशी जमले. दोन शिपाई हैबतीच्या तोंडाकडे बघत होते. म्हाताऱ्या बाईला घरातून ओढून काढणारा माणूस, असे आपले नाव पडणार, हे त्याला दिसत होते.  त्याने शिपायांना सांगितले, "बाजेसकट उचला. जपून उचला."

तिला उचलले तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. टेकडीच्या वाटेला लागेपर्यंत ती फक्त हैबतीकडे बघत राहिली. शिपाई मध्येच थांबले. साहेब शब्द मागे घेतात का, याची ते वाट बघत होते. हैबतीला मान वर करता आली नाही. पण शब्द त्याने मागे घेतला नाही.

दुपारी तो सांडव्यावर गेला. गवंडी पहारी घेऊन आले होते. पण भिंतीवर पहिला घाव घालायला कुणीच पुढे होईना. कुणाची कासार आळीत बहीण होती, कुणाचा मामा होता, कुणाची सासुरवाडी होती. मुख्य गवंड्याने आपली पहार हैबतीच्या हातात दिली आणि तो बाजूला सरला.

"हुकूम तुमचा आहे," तो म्हणाला. "घावही तुम्हीच घाला."

हैबतीने पहार उचलली. एक दगड हलला. दुसरा निसटला. मग भिंतीने पोटातून आवाज केला आणि सगळे दगड एकदमच गेले. पाण्याच्या लोंढ्याने हैबतीचे पाय उचलले. गवंड्याने त्याचा सदरा धरून त्याला काठावर ओढले नसते, तर तोही गेला असता.

पाणी जुन्या ओढ्याच्या वाटेने खाली धावले. टेकडीवरून लोक बघत होते. पहिले घर काही वेळ उभे राहिले, मग गुडघ्यात वाकल्यासारखे बसले. त्याच्यामागे दुसरे गेले. भिंती पडण्याचा आवाज टेकडीपर्यंत येत होता. गजराआत्याचे घर पडले तेव्हा तिने डोळ्यांवर पदर घेतला.

संध्याकाळपर्यंत तलावाची पातळी बरीच उतरली. बांधाखालचा पाझर आधी बारीक झाला, मग नितळ झाला, मग थांबला. हे बघायला तिथे हैबतीशिवाय कुणी नव्हते. सगळे गाव पडलेल्या आळीकडे बघत होते. तिथे चिखलात जिकडेतिकडे काचेच्या बांगड्यांचे तुकडे चमकत होते.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आले. त्यांनी बांधावरून फेरी मारली. बांध कदाचित फुटला असता, कदाचित टिकलाही असता, वरून काही सांगता येत नाही, असे ते म्हणाले. गावाला तेवढे पुरले. बांध तर उभाच आहे, मग आमची घरे कशाला पाडली, असे लोक विचारू लागले. वर राहणाऱ्याला खाली राहणाऱ्याची काय किंमत, असेही काहीजण बोलले. सभेत हैबतीवर ठपका ठेवला गेला. बोलायचे असेल तर बोला, असे त्याला सांगण्यात आले. तो उभा राहिला. 

"हुकूम माझा होता," तो म्हणाला आणि खाली बसला.

त्याला पदावरून काढले. त्रिंबकराव नगराध्यक्ष झाले. हैबतीने आपल्या घराची माडी आळीतल्या दोन कुटुंबांना राहायला दिली. ती राहिली, पण त्याच्याशी बोलली नाहीत. गजराआत्या तर त्याच्या दारावरून जातानाही तोंड फिरवायची. लोक भांडी घ्यायला दुसऱ्या गावी जाऊ लागले. मुले त्याला फोड्या म्हणू लागली. त्याला वाटे, आपण चुकलो तर नाही? तो आवाज खरंच आला होता, की भित्र्या माणसाच्या कानाला तसे वाटले? हे विचारायचे तर त्या सकाळी बांधावर त्याच्याबरोबर दुसरे कुणी नव्हते.

उन्हाळा आला. तलाव आटला. बांध पूर्ण उघडा पडला, तेव्हा त्रिंबकरावांनी त्याची डागडुजी करायला काढली. मजूर पाझराच्या जागी खणू लागले. एकाची पहार मातीत घुसली ती मुठीपर्यंत आत गेली. त्याने ती ओढून काढली, तर भोकातून गार हवा आली.

त्यांनी जपून माती काढली. आत पोकळी होती. एक माणूस ताठ उभा राहील एवढी उंच. ती बांधाच्या पोटातून वाकडीतिकडी पार पाण्याच्या बाजूपर्यंत गेली होती. शेवटी मातीचा जेमतेम वीतभर पडदा उरला होता, आणि तोही बाभळीच्या मुळांनी धरून ठेवलेला.

सगळे गाव बघायला आले. एकेकजण पोकळीत डोकावायचा आणि मागे सरायचा. आपण याच्याखाली स्वयंपाक केला, याच्याखाली मुले निजवली, हे प्रत्येकाला आठवत होते. तलाव कोरडा ठणठणीत होता, तरी बायांनी लेकरांना कडेवर उचलून घेतले. त्रिंबकराव पोकळीपुढे बराच वेळ उभे होते. मग ते उन्हातच एका दगडावर बसले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

"मी तर उद्यापर्यंत थांबणार होतो," ते म्हणाले.

त्यांनी त्याच दिवशी हैबतीकडे जाऊन पुन्हा खुर्ची घ्यायची विनंती केली. हैबतीने हात जोडले. आपल्याच्याने आता होणार नाही, एवढेच तो म्हणाला. मात्र पावसाळ्यात बांधावर शिपायाला पाठवू नका, स्वतः जात जा, असे त्याने त्रिंबकरावांना बजावले.

ते गेल्यावर गजराआत्या आली. हैबती परातीला ठोके देत होता. तिला बघून त्याचा हात थांबला. ती दुकानाच्या कडेला उभी राहिली.

"मी आज ते बघून आले," ती म्हणाली. "हैबती, त्या दिवशी तुला भीती नाही वाटली?"

"वाटली, आत्या. पाण्याची वाटली. पण त्याहून जास्त तुमच्या सगळ्यांच्या नजरांची वाटली."

गजराआत्याच्या डोळ्यांत पाणी आले.  तिने पुढे होऊन त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटे मोडली.

तात्पर्य: टळलेले संकट कुणाला दिसत नाही, ते टाळण्यासाठी झालेले नुकसान मात्र सगळ्यांना दिसते. हे माहीत असूनही जो वेळेवर हुकूम देतो आणि त्याचा दोष आपल्या माथ्यावर घेतो, त्यानेच अधिकाराच्या खुर्चीवर बसावे.