पट्ट्यांचा ट्रॅक्टर आणि ठकूमाय

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते रुईखड्यात कुणाला विचारू नका. प्रत्येक म्हातारा वेगळा आकडा सांगतो, मग गोष्ट राहते बाजूला आणि भांडण सुरू होतं. गाव तेव्हा चाळीस उंबऱ्यांचं होतं. वरच्या अंगाला तलाव, तलावाला मातीची उंच पाळ आणि पाळीच्या अगदी पायथ्याशी घरं.

पलीकडच्या माळावर एक ट्रॅक्टर पडून होता. त्याला चाकांऐवजी लोखंडी पट्टे होते आणि पुढं माती ढकलायचं रुंद पातं. कुण्या कंत्राटदारानं माळावरची हरळी मोडायला तो आणला होता. तिसऱ्याच दिवशी पट्ट्यात अडकलेला दगड काढायला ड्रायव्हर खाली वाकला आणि ट्रॅक्टर आपसूक दोन हात पुढं सरकला. दोनच हात. ड्रायव्हरची एक चप्पल तेवढी बाहेर राहिली. त्यानंतर तो ट्रॅक्टर न्यायला कुणीच आलं नाही. त्याच्या सावलीत कुत्रंसुद्धा बसत नसे, असं म्हणतात.

गावात भागुजी लोहार होता आणि त्याची बायको ठकूबाई. भट्टीवर भागुजी लोखंड धरायचा, घण मारायची ठकूबाई. तिच्या घणाचा ठोका शेजारच्या गावात ऐकू जाई, असं म्हणतात. शेजारचं गाव दोन कोसांवर आहे, तेव्हा यातलं थोडं सोडून द्या. पण बाई कशालाही न घाबरणारी होती, हे मात्र खरं. फक्त त्या ट्रॅक्टरला ती भ्यायची.

भागुजीला लोखंड गंजताना बघवत नसे. एका उन्हाळ्यात त्यानं आठ बैलजोड्या लावल्या आणि ट्रॅक्टर फरफटत आपल्या दारात आणून उभा केला. ठकूबाई उंबऱ्यातच थांबली.

"आवं, त्यानं माणूस खाल्लाय," ती म्हणाली.

"लोखंडाला कसली आलीया भूक, ठके?"

"मंग तुमच्याकडं असं का बघतंय ते?"

भागुजी हसला. ठकूबाई हसली नाही.

तीन वर्षं भागुजी त्या ट्रॅक्टरच्या मागं लागला होता. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून कुठला बोल्ट कुठला हे लक्षात राहावं यासाठी त्यानं घरातली उतरंड घेतली. वरच्या मडक्यात इंजिनाचे, मधल्यात गिअरचे, खालच्या डेऱ्यात पट्ट्यांचे. ठकूबाई शेजारणीची भांडी उसनी आणून कालवण करी आणि बोलून बोलून थके. गंजून धरलेले पिस्टन सुटावेत म्हणून भागुजी महिनाभर करंजाचं तेल ओतत राहिला. मोडक्या गाड्यांचे आख तापवून त्यानं पट्ट्यांच्या खिळी घडवल्या. त्या खिळींवर ठकूबाईनं घण उचलला नाही. त्या लोखंडाला तिनं तीन वर्षांत बोटसुद्धा लावलं नाही.

शेवटी सगळं जुळलं, पण ट्रॅक्टर चालू होईना. वर बसून एकानं खटका धरायचा आणि खाली दुसऱ्यानं हँडल मारायचं, असं ते काम. गावातला एकही गडी जवळ यायला तयार नव्हता. ठकूबाई मनातून देवाचे आभार मानी.

त्या वर्षी पाऊस नवरात्रातही हटला नाही. तलाव काठोकाठ भरला. खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघरची फावडी, कुदळी, विळे धुऊन पूजेला मांडतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. ठकूबाईनं ऐरणीची पूजा केली, घणाची केली. मग तिनं ट्रॅक्टरलाही कुंकू लावलं.

"पूजा घे," ती म्हणाली, "आन् माजा मानूस सोड."

तेवढ्यात पाळीकडून ओरडा आला. खेकड्याच्या बिळातून बोटाएवढी धार सुटली होती. चार फावडी चिकणमाती पुरली असती. पण फावडी पूजेत होती.

"आज हत्याराला हात लावू नका, कोप व्हईल," देवळातला तुळशीराम गुरव म्हणाला आणि कुणी हलेना. माणसं हातांनी चिखल थापत राहिली. धार मनगटाएवढी झाली, मग घागरीच्या तोंडाएवढी. तेव्हा कुठं लोक फावड्यांसाठी धावले, पण आता टाकलेली माती टिकत नव्हती. भोक बैल आत जाईल एवढं झालं आणि वरून पाळीला तडा गेला.

भागुजी धावत घरी आला आणि ट्रॅक्टरवर चढला.

"ठके, हँडल मार."

"म्या कुंकू लावलंय त्याला!"

"खाली पोरं हायती, ठके."

हँडल मारलं नाही तर गाव जाणार आणि मारलं तर आपला माणूस जाणार, हे तिला लख्ख कळत होतं. तिला भयंकर भीती वाटत होती. तिनं पदरानं कुंकू पुसलं आणि हँडल धरलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन असं गरजलं, की गोठ्यागोठ्यातल्या बैलांनी दावी तोडली, असं म्हणतात.

भागुजीनं मातीचा ढीग पात्यापुढं घेतला आणि ट्रॅक्टर पाळीवर घातला. भोकाच्या बरोबर वर येताच पाळ खचली. ट्रॅक्टर तोंडावर आत गेला. "उडी मारा!" मागून धावत आलेली ठकूबाई किंचाळली. पट्टे वळवायचे दांडे हातातून सोडले असते तर ट्रॅक्टर कलंडून घरांवर आला असता. भागुजीनं दांडे सोडले नाहीत. वरची सगळी माती त्याच्यावर बसली आणि पाणी थांबलं.

इंजिन मात्र थांबलं नाही. मातीखालून आवाज येत राहिला. माणसं रडत उकरायला लागली, तेव्हा ठकूबाईनं एकेकाच्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं.

"नगा उकरू," ती म्हणाली. "पाळ फुटंल."

ती तिथंच जमिनीला कान लावून बसली. टाकीत एका दिवसाचंही डिझेल नव्हतं, तरी इंजिन सात दिवस चाललं, असं म्हणतात. आठव्या दिवशी गावाला काही ऐकू येईना. तिला येत होतं. पुढं म्हातारी होऊन मरेपर्यंत दर खंडेनवमीला ती पाळीला कान लावी आणि लोकांनी विचारलं की एवढंच सांगे, "चालू हाय."

आजही रुईखड्यात खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजतात, पण घरटी एक फावडं कुंकवाविना दाराशी उभं ठेवतात. त्याला ठकूमायचं फावडं म्हणतात. दुपारी गावातली सगळ्यात वयस्कर बाई पाळीला कान लावते आणि सारं गाव श्वास रोखून तिच्या तोंडाकडं बघतं. तिनं "चालू हाय" म्हटल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

गेल्या साली ती बराच वेळ कान लावूनच राहिली. शेवटी "चालू हाय" म्हणाली, तोवर सगळ्यांच्या हातात दाराशी ठेवलेली फावडी आली होती.