जावईबापूंनी काढलेला राजा

फार फार पूर्वी नाईल नदीकाठच्या एका गावात एक भोळा जावई होता. नाव पाहोर. सासरे खेमनाख्त राजाचे कारकून. त्यांनी जावयाला हाताखाली घेतलं, पण बजावलं, "जावईबापू, महिन्याभरात लिहिणं जमलं नाही तर राजाच्या खाणीत दगड ओढावे लागतील. मग माझ्या लेकीचं कसं व्हायचं?"

तेव्हाची अक्षरं म्हणजे चित्रंच. घुबड, साप, माणूस.

पहिल्याच दिवशी निरोप लिहायचा होता, 'पूर येतोय, गुरं वर न्या.' पाहोरने घुबड काढायला घेतलं. एकेक पीस मन लावून काढलं. पिसं संपली तेव्हा पूर येऊन गेला होता. गुरंही गेली होती.

सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, रोजच्या लिहिण्यात एवढी कलाकुसर कशाला? नुसतं डोकं काढा, खाली एक फराटा ओढा. डोकं दिसलं की बाकीचं लोक समजून घेतात!"

"एवढंच ना?" पाहोर म्हणाला.

मग गावचे कोतवाल वारले. थडग्याच्या भिंतीवर ते जेवताहेत असं चित्र हवं होतं. पाहोरने वर त्यांचं नाव लिहिलं, डोकं काढलं, खाली फराटा ओढला, घरी येऊन झोपला. कोतवालीणबाईंनी हंबरडा फोडला, "अगं बाई! पोटच नाही! आता हे परलोकात जेवणार कसे?"

सासरे धावत आले. "अहो, थडग्यात जे काढाल ते तिकडं जिवंत होतं! आधी पोट काढा. आणि नावातला हा साप अख्खा ठेवलात? डसेल की त्यांना! मधोमध तोडा. ज्याची भीती वाटते ते कधी अख्खं सोडायचं नाही!"

"एवढंच ना?" पाहोर म्हणाला.

महिना संपता संपता राजाचा वाढदिवस आला. सासऱ्यांचे नेमके डोळे आलेले. मानपत्र पाहोरनेच लिहिलं. त्याने पुष्कळ विचार केला. सापाला सासरे भितात खरे, पण राजाचं नाव निघालं की त्यांचे पाय लटपटतात. मग त्याने राजाचं झकास चित्र काढलं, पोटासकट. आणि मधोमध तोडलं.

राजाने मानपत्र उघडलं.

"हे कुणी काढलं?"

"मी, महाराज!" पाहोरची छाती फुगली. "सगळे तुम्हालाच जास्त भितात ना!"

"उडवा याचं डोकं!"

सासऱ्यांनी राजाच्या पायांवर लोळण घेतली. ढसाढसा रडू लागले. पाहोरने त्यांची पाठ थोपटली.

"रडताय काय, मामा? तुम्हीच म्हणालात ना, डोकं दिसलं की झालं. बाकीचं लोक समजून घेतात."