रांजणातल्या गावाचे वजन

त्या राज्यात मुंग्यांच्या प्रत्येक पिढीला आपल्या आईपेक्षा दुप्पट बळ मिळत असे. ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. हिशेबात मात्र ती कुणीच धरत नसे. ओझी वाहण्याचे काम मुंग्यांकडे असल्यामुळे कोणती वस्तू कामाची आणि कोणती बिनकामाची, हे त्या वेळी हयात असलेल्या मुंग्यांच्या पाठीवरून ठरे.

नदीच्या अलीकडच्या काठावर एक रांजण होता आणि त्या रांजणात एक गाव वसले होते. गाव ओल्या मातीचे. भिंती, ओटे, तळ्याचा बांध, सगळे ओले. भाजलेले असे काही नाही. त्यामुळे घरात कुणी नांदत असतानाच खिडकी इकडची तिकडे करता येई. पंगत बसलेली असतानाच ओटा रुंद होई आणि कुणाचे ताटही हलत नसे.

शिवाय त्या गावात निर्जीव काहीच नव्हते. दाराला विचारले तर आत कोण आहे ते दार सांगे. तीन हा आकडासुद्धा तिथला रहिवासी होता, जरा शिष्टच. "तुझ्यात चार मिळव" असे म्हटले की तो आत जाई आणि साताला हाताला धरून बाहेर घेऊन येई. कुणी कुणाच्या घरात डोकावायचे नाही, हवे ते दारात उभे राहून विचारायचे, आणि उत्तर विचारणाऱ्याच्याच हातात पडायचे, एवढाच तिथला कायदा होता.

ज्याला उत्तर येत नसे तो म्हणे, "मला समजलं नाही."

हे म्हणायला तिथे कुणाला लाज वाटत नसे. उलट हे शब्द कानावर पडताच सगळे गाव होते तसे थांबे आणि सारजा कामाला लागे. सारजा ही गावची कुंभारीण, म्हणजे चिखलाची घरे बांधणारी ती बारीक कमरेची माशी. एकदा पाहुण्या आलेल्या बेडकाने दाराला विचारले, "बाहेर पाऊस आहे का?" दाराला आतले ठाऊक, बाहेरचे ते काय सांगणार? ते म्हणाले, "मला समजलं नाही." बेडकाचा पाय उंबऱ्यावर अधांतरी राहिला. सारजा आली, ओल्या मातीचा एक गोळा तिने दाराच्या बाहेरच्या अंगाला लावला, त्याला कानासारखा आकार दिला आणि म्हणाली, "हं, चालू दे." दार म्हणाले, "भुरभुर आहे," आणि बेडकाचा पाय खाली टेकला. त्या दिवसापासून गावातल्या यच्चयावत दारांना पावसाचे कळू लागले.

आपल्या हयातीत एकही "मला समजलं नाही" आपण तसेच टाकून गेलो नाही, याचा सारजाला अभिमान होता. ती तो बोलून दाखवत नसे, पण चालण्यात दिसायचा.

नदीपलीकडे विटांचे शहर उभे राहत होते. तिथे एखाद्या विटेला काही समजले नाही की भिंत कोसळे. मग सगळे बाहेर येत, कपडे झटकत, पाया पुन्हा खणत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. याला ते बांधकाम म्हणत. पण विटा फुकट होत्या, आणि एक वीट एका मुंगीला सहज पेलत होती.

रांजणाचा मालक होता साळिंदर शेठ. मनाने वाईट नव्हता. व्यापारी होता, इतकेच. रांजणाच्या काठावर बसून तो आत येणाऱ्याकडून जकात घेई आणि इथे घडवलेल्या वस्तूसाठी हा रांजण जिथे जिथे न्यावा लागेल तिथलीही जकात घेई. नदीच्या वरच्या अंगाला तशाच मातीचा दुसरा एक रांजण होता. दोन्ही गावांची रीत एक, माती एक, तरी कुणाची माती अधिक ओली यावरून त्यांचे वर्षानुवर्षे हातघाईवर येणे चालू होते. शेवटी साळिंदराने तो रांजणही घेतला आणि एकातले गाव दुसऱ्यात ओतले. मग काय विचारता! तळी दोन झाली. तीनही दोन झाले, आणि दोघेही "खरा मीच" म्हणत एकमेकांकडे पाठ करून बसले. त्यांची समजूत घालता घालता सारजाच्या नाकी नऊ आले. तेवढ्या अवधीत पलीकडचे शहर क्षितिजापर्यंत पसरले.

गावाची आणखी एक खुबी होती, आणि तीच त्याला नडली. रांजण हलवायचा झाला की शेठ वर झाकण ठेवी. झाकण पडताच गाव होते त्या क्षणी थिजे: हसणारा हसण्यात, पडणारे पान हवेत. झाकण उघडले की पान उरलेले पडे. मधला काळ आतल्यांना कळतसुद्धा नसे. पण यामुळे गावातला एखादा तुकडा नेण्याची सोय नव्हती. न्यायचे तर अख्खे गाव न्यायचे, तळ्यांसकट, दोन्ही तिनांसकट.

एके दिवशी शेठ काठावरून वाकला. त्याचे काटे खाली झुकलेले होते.

"सारजाबाई, गाव जड आहे तुमचं," तो म्हणाला. "मुंग्या कुरकुरतात. सगळं वारूळ लावलं तरी चार पावलांवर टेकवावं लागतं. कंबर मोडते म्हणतात."

सारजा एका ओट्याचा कोपरा गोल करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्यांच्या लेकींना विचारा की, शेठ."

"लेकी जन्माला यायच्यात अजून. मला आज विकायचंय. पलीकडचे लोक आलेत, घेतो म्हणतात."

"गावाचं काय करणार ते?"

शेठने पाय काठामागे ओढले. त्याने स्वतः विटांचे घर बांधले होते, हे सारजाला ठाऊक होते. त्याच्या पायाला भाजल्या मातीची भुकटी दिसे. तो तराजूकडे वळला. तराजू गावच्या मधोमध टांगलेला असे आणि त्याने आजवर कुणाला खोटे माप दिले नव्हते.

"तराजूदादा," शेठ म्हणाला, "या गावाचं वजन सांग. त्यांना एक आकडा पाहिजे."

तराजूची पारडी हलली, थांबली. तळ्याची मापे, दारांची मापे, आकड्यांचीसुद्धा मापे त्याला पाठ होती. पण ज्या गावात आपण टांगलेले आहोत ते गाव पारड्यात घालायचे कसे? तो म्हणाला, "मला समजलं—"

सारजाला पुढचा शब्द ऐकावा लागला नाही. तिने मातीचा गोळा उचलला होता. "थांब दादा, आत्ता सांगते," ती म्हणाली, आणि तिथेच तिचे पाय अडले. कारण उत्तर तिलाही येत नव्हते. गोळा हातात, पण त्याला आकार कसला द्यायचा? असे तिच्या आयुष्यात कधी झाले नव्हते. ती घाबरली.

"शेठ, थोडा वेळ द्या."

"तोच तर नाही, बाई," साळिंदर म्हणाला, आणि त्याला खरोखरच वाईट वाटत होते. त्याने झाकण फार हळू ठेवले. तळ्यावर ओणवलेल्या पानाच्या टोकाशी एक थेंब आला होता. तो तिथेच राहिला.

यापुढचे सारजाला माहीत नाही. पलीकडच्यांनी रांजण घेतला तो गाव चालवण्यासाठी नव्हे, दुसऱ्या कुणी चालवू नये म्हणून. त्यांनी तो आपल्या वखारीच्या कोपऱ्यात ठेवला आणि झाकणावर एक वीट ठेवली. साळिंदर म्हातारा होऊन गेला. जुन्या गावाच्या वाटसरूंपैकी कुणी बोटाला लागलेली ओली माती टेकडीमागे नेऊन लावली. तिथे तिची लहान लहान गावे झाली आणि त्यांना जकात नव्हती, असे म्हणतात. शहरात मात्र भिंती पडत राहिल्या आणि उभ्या राहत राहिल्या. मुंग्या जन्मत राहिल्या, पिढीगणिक दुप्पट.

मग कधीतरी झाकण उघडले.

पानाच्या टोकाचा थेंब तळ्यात पडला.

"—नाही," तराजू म्हणाला.

सारजाने वर पाहिले. काठावर साळिंदराचे नाक असायला हवे होते. तिथे एक मुंगी वाकली होती.

"अगं बाई," मुंगी म्हणाली, "आत कुणी राहतं होय? माफ करा हं. वखार रिकामी करतायत, मला वाटलं रिकामाच आहे, म्हणून उचलला. आमच्याकडे दाणे ठेवायला होईल म्हटलं."

"शेठ कुठे गेले?" सारजाने विचारले.

"कोण शेठ?"

सारजाने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. कपाळ ओळखीचे होते. गावाखाली वाकून कण्हत जाणाऱ्या एका मुंगीचे कपाळ असेच होते. "तुझी आई इथे ओझ्याला यायची का गं?"

"छे हो मावशी, आई कुठली! आमच्यात जुन्या बायका सांगतात, नदीकाठी एक जड गाव होतं, त्यानं आमच्या खापरपणज्यांच्या कंबरा मोडल्या. ते कुठलं, कुणाला ठाऊक."

सारजाच्या लक्षात आले. तिने हातातल्या गोळ्याकडे पाहिले. तो मघाइतकाच ओला होता. आपले सगळे ओळखीचे जग बाहेरच्या बाहेर संपून गेले, आणि आपल्याला त्याचा आवाजही आला नाही. तिला रडू आले. त्या कंबर मोडलेल्या मुंग्यांसाठी आले, आणि खरे सांगायचे तर त्या साळिंदरासाठीही आले. पण तराजू पारडी आवरून तिच्याकडे पाहत होता, आणि तिने त्याला शब्द दिला होता.

"तुझ्याबरोबर बाकीच्या किती जणी आहेत?" तिने डोळे पुसत विचारले.

"बाकीच्या? कुणी नाही. मी एकटीच."

"मग वखारीपासून इथवर आणलंस कसं? जड झालं असेल."

"काय जड?" मुंगी म्हणाली.

"गाव."

मुंगीने खरोखर आठवून पाहिले. "डोक्यावर होता वाटतं," ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच नव्हतं. नदीवर पाणी प्यायला वाकले, पाण्यात तोंड दिसलं, तेव्हा दिसला. म्हटलं, अरे, हा अजून इथेच आहे होय."

दोन्ही तीन एकमेकांकडे वळून पाहू लागले. सारजाने गोळा हातात फिरवला. आता त्याला कसला आकार द्यायचा ते तिला कळत होते. तिने त्याला मुंगीच्या डोक्यासारखा आकार दिला, नीट दाबून तराजूच्या दांडीवर बसवला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "हं दादा, चालू दे."

"समजलं," तराजू म्हणाला. त्याने वजन सांगितले. उत्तर विचारणाऱ्याकडे जायचे, या रिवाजाप्रमाणे ते वर गेले, काठावर साळिंदर जिथे वाकला होता तिथे काही वेळ थांबले, आणि घ्यायला कुणी नाही असे पाहून पिसासारखे तळ्याच्या पाण्यावर उतरले.

"झाकण लावू का, मावशी?" मुंगीने विचारले. "अजून लांब जायचंय. टेकडीमागे."

"नको," सारजा म्हणाली. "राहू दे उघडं."

मुंगीने गाव उचलून डोक्यावर ठेवले. तळी किंचित हिंदकळली, दारांनी एकमेकांना बाहेर ऊन असल्याचे सांगितले, आणि सारजा मघाच्या अर्ध्या राहिलेल्या ओट्याकडे गेली. मुंगी चढणीला लागली. थोडे अंतर गेल्यावर ती काहीतरी गुणगुणू लागली, आणि डोक्यावर काही आहे हे पुन्हा विसरून गेली.