मंगळावरून आलेले उत्तर

एकदा एका निवृत्त प्राध्यापकांनी जुन्या विज्ञानकथांचा संग्रह काढायचे ठरवले. जन्मभर त्यांनी भौतिकशास्त्र शिकवले होते, तरी मंगळावरचे कालवे आणि चंद्रावरच्या बागा असल्या शंभर वर्षांपूर्वीच्या कथा त्यांना जिवापलीकडे प्रिय होत्या. मदतीला त्यांनी आपला सर्वांत हुशार शिष्य घेतला. हुशार माणसाच्या हाती लाल पेन्सिल द्यावी का, हा प्रश्न त्यांना तेव्हा सुचला नसावा.

शेवटची कथा एका जीर्ण मासिकात होती. त्या अंकाची तेवढीच प्रत उरली होती. तिच्यासाठी सरांनी तीस वर्षे रद्दीची दुकाने पालथी घातली होती, आणि दुसऱ्या दिवशी तोच अंक छापखान्यात जायचा होता.

कथा साधी होती. मुलगा मंगळावर जातो. आई घरातल्या ध्वनियंत्रापाशी बसून विचारते, ‘जेवलास का रे?’ तो प्रश्न पोचायला सहा वर्षे लागतात आणि उत्तर यायला सहा. आई रोज यंत्र पुसते, त्याच्याशेजारी ताट घेऊन बसते, हळूहळू म्हातारी होते. बाराव्या वर्षी यंत्र बोलते, ‘जेवलो आई. तू जेवलीस?’ तेव्हा ऐकायला घरात कोणीच नसते.

शिष्याला हसू आले. मंगळावर संदेश पोचायला फार तर बावीस मिनिटे लागतात. त्याने बारा वर्षे खोडली आणि उत्तर पाऊण तासात आणले. आईच्या म्हातारपणाची शेवटची दोन पाने मात्र तशीच ठेवली, कारण त्यांत विज्ञानाची एकही चूक नव्हती. मध्येच त्याचा फोन दोनदा वाजला. गावाहून आईचा होता. हातातले काम महत्त्वाचे, म्हणून त्याने तो पालथा ठेवला.

सरांनी दुरुस्ती वाचली. हे नक्की ना, एवढेच विचारले. शिष्य अभिमानाने हो म्हणाला. तेव्हा सरांनी खणातून कात्री काढली, ती शेवटची दोन पाने शिवणीपाशी कापली आणि केराच्या टोपलीत टाकली.

शिष्याच्या पायांखालची जमीन सरकली. तीस वर्षांचा शोध, जगातली एकमेव प्रत, आणि ज्याने ती जपली त्याच्याच हातात कात्री. तो टोपलीपाशी बसला आणि पाने उचलत म्हणाला, “सर, हे काय केलंत?”

“तू केलंस तेच,” सर म्हणाले. “मी फक्त कात्री चालवली. पाऊण तासात उत्तर आलं, तर ही बाई म्हातारी कशाला होईल? ती दोन पानं तुझ्या दुरुस्तीनंच मेली.”

शिष्याने हातातली दोन पाने पुन्हा वाचली. हे आपल्या लक्षातही आले नाही, याचा धक्का त्याला कात्रीपेक्षा मोठा बसला.

सरांचा स्वर मऊ झाला. “तुझं गणित बरोबर आहे रे. मंगळ किती लांब आहे, ते त्या लेखकाला ठाऊक नव्हतं. पण घर सोडून गेलेल्या मुलाचं उत्तर यायला किती वर्षं लागतात, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. कुठल्या तरी घरात त्यानं ते पाहिलं असणार. या कथांमधली यंत्रं केव्हाच भंगारात गेली. त्यांच्यापाशी बसलेलं माणूस मात्र अजून तिथंच बसलंय, म्हणून आपण त्या वाचतो.”

शिष्याने खळ लावून पाने जागच्या जागी चिकटवली. लाल अक्षरे पुसली. मग पालथा फोन सुलटा केला. गेल्या गुरुवारपासूनचे आईचे चार निरोप त्यात होते. चारही क्षणार्धात पोचले होते. उत्तर मात्र अजून निघालेच नव्हते.

तो ओसरीवर गेला आणि त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. उचलायला घरात कोणी नसले तर, या विचाराने तो घंटा मोजू लागला. सहाव्या घंटेला आवाज आला.

“जेवलास का रे?” आईने विचारले.

“जेवलो आई,” शिष्य म्हणाला. “तू जेवलीस?”