कोपऱ्यातलं बटण

भुजंगराव नावाचे एक मंत्री होते आणि त्यांना आपल्या मिशांचा भारी अभिमान होता. मृण्मयी दिघेने बनवलेल्या व्हिडिओ गेममधल्या जुलमी राजालाही नेमक्या तशाच मिशा होत्या. त्या खेळात आपण कोतवाल व्हायचं आणि तळघरातल्या कैद्याला बोलतं करायचं.

भुजंगरावांनी सुनावणी लावली, पत्रकार बोलावले आणि खेळ किती किळसवाणा आहे ते दाखवायला स्वतःच खेळायला बसले. चाबूक झाला, विजेचा झटका झाला. कैदी निपचित पडला तेव्हा कुठे त्यांचा हात थांबला.

"बघा, माणसाला राक्षस बनवते ही बाई. दुसरा रस्ताच ठेवलेला नाही."

मृण्मयीचा भाऊ पोलिसांच्या अशाच एका चौकशीला गेला होता, तो परतला नव्हता. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, कोपऱ्यात पहिल्यापासून 'सोडून द्या' असं बटण आहे. ते दाबलं की दार उघडतं आणि आपण जिंकतो. तुमचं बोट तिकडे गेलंच नाही."

पत्रकार हसले. भुजंगराव मिशी चावत उठून गेले.

आठवड्याभराने आदेश आला. खेळाला परवानगी होती, मिशांसकट. तेवढं ते बटण काढून टाका, असं कुठे घडत नाही, असा खाली शेरा होता.