फाटक कोण उघडणार?

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात, यारांबी नावाच्या मेंढपाळांच्या गावातून बेरिलबाई टॅरंट वर्षानुवर्षं निवडून यायच्या. राजधानीतली मंडळी त्यांना ‘मेंढरांच्या आमदार’ म्हणून हसत. बाईंना त्याचं काहीच वाटत नसे.

एकदा आरोग्यमंत्री आले, ते यारांबीचं प्रसूतिगृह बंद करायचं ठरवूनच. भर सभेत म्हणाले, “शहरात एवढं मोठं इस्पितळ आहे. बायकांनी तिथं जावं. रस्ता काय वाईट आहे?”

“बघाच की साहेब! मी नेते तुम्हाला,” बेरिलबाई म्हणाल्या.

मंत्री ऐटीत गाडीत त्यांच्या शेजारी बसले. रस्ता कुरणांमधून जाणारा आणि प्रत्येक कुरणाला फाटक. तिकडचा रिवाज असा, की चालवणाऱ्याच्या शेजारी बसेल त्यानं उतरून फाटक उघडायचं आणि गाडी पलीकडे गेली की पुन्हा लावायचं. नाहीतर मेंढरं पसार! साहेब उतरले, चढले, पुन्हा उतरले. बूट धुळीनं माखले, अवजड फाटकं ढकलून कंबर धरली. शेवटी भडकलेच, “दर वेळी मीच का उतरायचं?”

बेरिलबाई शांतपणे म्हणाल्या, “उद्या याच सीटवर कळा सुरू झालेली बाई असेल, साहेब. तीही नवऱ्याला हेच विचारेल. त्यानं काय उत्तर द्यायचं, तेवढं सांगून ठेवा.”

मंत्री पुटपुटले, “वळवा गाडी. प्रसूतिगृह राहू दे.”

बाईंनी खुशीत गाडी वळवली, जराशी पुढे नेली आणि हसून ब्रेक दाबला. समोर फाटक होतं. साहेब निमूट उतरले.